ओठावरच्या फोडाला हिरडा आणि डाळिंबाची साल लावा म्हणतात, त्यात तथ्य किती?

आधी ओठाच्या कडेला चुरचुरतं. मग मुंगी चावल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघावं तर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका. घरातलं कुणीतरी म्हणतं, 'अंगातला ताप बाहेर पडला.' दुसरं कुणी म्हणतं, 'रात्री कोळी मुतला असेल.' आणि फोन उघडला की रील सांगते: डाळिंबाची साल वाटून लावा, हिरडा उगाळून लावा, आवळ्याचा रस लावा, विषाणू जागच्या जागी मरतो, 'सायन्सनं प्रूव्ह केलंय'.

कोळ्याचा यात काही संबंध नाही. पण त्या रीलमधलं शेवटचं वाक्य मात्र पूर्ण खोटं नाही, आणि खरी अडचण तिथंच आहे. हिरड्यातल्या आणि डाळिंबाच्या सालीतल्या घटकांनी या फोडांच्या विषाणूला रोखल्याचे प्रयोग खरोखर झालेत. नावाजलेल्या नियतकालिकांत ते छापूनही आलेत. त्यामुळे 'फेक' असा शिक्का मारून विषय संपवता येत नाही.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचं जंगल आहे आणि त्या पट्ट्यात हिरड्याची झाडं आहेत. एकाच तालुक्याच्या एका टोकाला गाड्यांचे कारखाने आणि दुसऱ्या टोकाला हे फळ. शिवाय पिंपरीत असा एक कारखाना आहे, ज्यानं निसर्गातल्या पदार्थाचं औषध कसं करतात ते देशाला दाखवलं. त्याच्याकडे पुढे येऊच.

आधी फोड नेमका कशाचा ते बघू

या फोडाचं कारण हर्पिस सिम्प्लेक्स टाइप १ नावाचा विषाणू, थोडक्यात एचएसव्ही-१. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे ६४ टक्क्यांना, याचा संसर्ग झालेला आहे. बहुतेकांना तो लहानपणीच होतो, कुणाच्या तरी पाप्यामुळे किंवा लाळेमुळे. अनेकांना आयुष्यभर एकही फोड येत नाही. त्यामुळे ओठावर फोड आला म्हणून कुणाच्या चारित्र्याबद्दल कुजबुजण्याचं काही कारण नाही.

हा विषाणू एकदा शरीरात शिरला की जात नाही. फोड बरा झाला तरी तो चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, ट्रायजेमिनल गँग्लियनमध्ये, झोपून राहतो. ताप आला, कडक ऊन लागलं, झोपेचं खोबरं झालं, मानसिक ताण वाढला की जागा होतो आणि त्याच मज्जातंतूवरून पुन्हा ओठापर्यंत येतो. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या, भर दुपारी दुचाकीवरून तळवडे-चाकण रस्त्यावर अडकणाऱ्या माणसाला ही सगळी कारणं वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

इथं एक गोंधळही दूर करायला हवा. तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेला जे पांढरट व्रण येतात, ज्याला आपण 'तोंड आलं' म्हणतो, ते सहसा वेगळं दुखणं असतं आणि ते पसरत नाही. ओठांचे दोन्ही कोपरे फुटतात तेही वेगळं. नागीण याच कुटुंबातल्या पण दुसऱ्या विषाणूमुळे होते, कांजिण्यांच्या. रीलवाले हे सगळं एकाच उपायात बसवतात.

हिरड्यात असं काय आहे?

हिरडा चघळला की जीभ आणि गाल आखडल्यासारखे होतात. तुरट चव म्हणतात ती हीच. ती येते टॅनिन नावाच्या घटकांमुळे. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. लाळेतली प्रथिनं त्यानं बांधून टाकली की तोंडातला ओलावा गेल्यासारखा वाटतो. कातडी कमावण्यासाठी हिरडा पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला तोही याच गुणामुळे, कारण कातडी म्हणजे मुख्यतः प्रथिनच.

आता विषाणूकडे या. एचएसव्ही-१ च्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनांचे काटे असतात. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या लांब साखळ्या असतात. हे काटे त्या साखळ्यांना पकडतात आणि मग विषाणू पेशीत शिरतो. २०११ मध्ये 'जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी'त एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिरड्यापासून मिळवलेले दोन टॅनिन, चेब्युलॅजिक अॅसिड आणि प्युनिकॅलॅजिन, संशोधकांनी पेशी आणि विषाणूंसोबत ठेवून पाहिले. या घटकांनी विषाणूच्या काट्यांवरच हल्ला केला. विषाणूला पेशीला चिकटता येईना, आत शिरता येईना, एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाणंही अडलं.

यातलं प्युनिकॅलॅजिन हे नाव डाळिंबाच्या शास्त्रीय नावावरून, प्युनिका ग्रॅनाटमवरून, आलंय. डाळिंबाच्या सालीत ते भरपूर असतं. म्हणजे सोलापूर-सांगोल्याकडचा भगवा सोलून दाणे खाल्ल्यावर आपण जे कचऱ्यात टाकतो, त्यात. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी डाळिंबाच्या सालीचा अर्क झिंकच्या क्षारासोबत वापरला, तेव्हा हर्पिसच्या विषाणूवरचा त्याचा परिणाम वाढला. आणखी महत्त्वाचं म्हणजे असायक्लोविर या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूवरही अर्काचा परिणाम दिसला. ही बाब छोटी नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती खूप कमी झालेली असते, अशा रुग्णांमध्ये औषधाला न जुमानणारा हर्पिस ही डॉक्टरांची खरी डोकेदुखी असते.

पेशींच्या पुढे जाऊन प्राण्यांवरही काम झालंय. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी पारंपरिक औषधी वनस्पती असायक्लोविरसोबत देऊन उंदरांवर प्रयोग केले. त्यात हिरडा होता आणि लवंगही. दोन्ही मिळून दिल्यावर नुसत्या असायक्लोविरपेक्षा जास्त फायदा दिसला. आवळ्यातून वेगळ्या केलेल्या एका टॅनिनचीही एचएसव्हीवर प्रयोगशाळेत चाचणी झाली आहे.

म्हणजे आजीच्या बटव्यात दम आहे का? दम आहे. पण तो बटव्यात आहे, अजून ओठावर सिद्ध झालेला नाही.

मग लावून बघायला हरकत काय?

काचेच्या ताटलीत पेशींचा एक पातळ थर असतो. त्यावर अर्काचा प्रत्येक थेंब मोजून टाकतात, किती वेळ ठेवायचा तेही ठरलेलं असतं. बहुतेकदा विषाणू पेशीत शिरण्याच्या आधी किंवा शिरताना अर्क तिथं हजर असतो. आपल्याला फोड दिसतो तेव्हा मात्र विषाणू आत शिरून, वाढून, शेजारच्या पेशींत पसरून झालेला असतो. दारावरचा पहारेकरी कितीही तगडा असला तरी चोर घरात आल्यावर त्याचा उपयोग कमीच.

शिवाय टॅनिन प्रथिनांना चिकटतं म्हटलं, पण ते निवड करत नाही. ओठावर लाळ आहे, फोडातला स्राव आहे, आपली स्वतःची त्वचा आहे. सहाणेवर उगाळलेला हिरडा तिथं लावला तर त्यातलं टॅनिन यातल्या कशाला आधी चिकटेल? विषाणूपर्यंत किती पोहोचेल? ताटलीतला निकाल या प्रश्नांचं उत्तर देत नाही. याच्या तुलनेत असायक्लोविर बघा. ते पेशीत शिरतं तेव्हा जवळपास निष्क्रिय असतं. विषाणूचं स्वतःचं एक विकर त्याला कामाला लावतं. त्यामुळे जिथं विषाणू आहे, मुख्यतः तिथंच ते काम करतं. हे औषध ज्या संशोधनातून आलं त्या संशोधनातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं, ते उगाच नाही.

प्रमाणाचा प्रश्न वेगळाच. प्रयोगातला अर्क म्हणजे किती टॅनिन ते मोजलेलं असतं. घरी वाटलेल्या सालीत ते फळागणिक बदलतं, आणि डाळिंबाच्या सालीवर फवारणीचे अंश असू शकतात ते निराळंच.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा याहून साधा आहे. हा फोड काहीही न लावता साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप बरा होतो. त्यामुळे तुम्ही चौथ्या दिवशी हिरडा लावा, टूथपेस्ट लावा किंवा ग्रामदेवतेचा अंगारा लावा, आठव्या दिवशी फोड गेलेलाच असेल. श्रेय ज्याला त्याला.

हा सापळा किती खोल आहे ते एका आकड्यावरून कळतं. असायक्लोविरच्या मलमाच्या दोन मोठ्या चाचण्या २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. प्रत्येकीत सातशेच्या आसपास रुग्ण होते, निम्म्यांना औषधाचं मलम आणि निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं मलम. निकाल काय? औषध लावलेल्यांचा फोड सरासरी अर्धा दिवस लवकर बरा झाला. फक्त अर्धा दिवस. वेळेत घेतलेल्या गोळ्यांनी हा फरक साधारण एक दिवसापर्यंत जातो. म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या, सिद्ध झालेल्या औषधाचा परिणाम दिसायलाही शेकडो माणसं आणि तुलनेसाठी दुसरा गट लागला. एका माणसाचा 'बिफोर-आफ्टर' फोटो यात काय सिद्ध करणार?

हिरडा किंवा डाळिंबाच्या सालीचा अर्क या बाबतीत असायक्लोविरच्या मलमाला हरवू शकेलही. मलमानं बारच इतका खाली ठेवलाय. पण त्यासाठी अशीच चाचणी करावी लागेल. आज रीलवर दाखवला जाणारा पुरावा त्या दर्जाचा नाही.

पिंपरीत हा रस्ता एकदा चालून झालाय

'नैसर्गिक' विरुद्ध 'केमिकल' अशी भांडणं कमेंटमध्ये रोज होतात. त्यांनी एकदा जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सकडे बघावं, पिंपरीकर ज्याला नुसतं 'एचए' म्हणतात. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५४ मध्ये ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन बनवू लागली. पेनिसिलिन म्हणजे काय? बुरशीतून मिळणारा पदार्थ. शंभर टक्के नैसर्गिक. पण म्हणून कुणी जखमेवर बुरसटलेली भाकरी बांधून घेत नाही. बुरशीचा योग्य वाण निवडणं, मोठ्या टाक्यांत ती वाढवणं, औषध वेगळं करून शुद्ध करणं, प्रत्येक कुपीत तेवढंच औषध आहे ना हे तपासणं, या सगळ्या खटाटोपासाठीच तर कारखाना लागला.

याच एचएच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीविरोधी औषध शोधलं. सूक्ष्मजीवाला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हो, पिंपरीवरूनच. औषधाचं नाव हॅमायसिन, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधला 'हॅ' धरून. ताटलीत त्यानं बुरशीचा चांगलाच फडशा पाडला. पुढे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गंभीर बुरशीसंसर्गाच्या रुग्णांना ते तोंडावाटे देऊन पाहिलं, तेव्हा ते रक्तात भरवशानं शोषलं जात नाही हे समोर आलं. शेवटी त्याचा उपयोग मुख्यतः वरून लावण्यापुरता राहिला. हॅमायसिन वाईट होतं असं नाही. ताटलीतलं यश आणि शरीरातलं यश यांत किती अंतर असतं ते या शहरानं आपल्याच औषधाच्या बाबतीत पाहिलंय. एचए स्वतः कित्येक वर्षं आजारी उद्योगांच्या यादीतलं नाव होऊन बसलीय, पण तो वेगळा लेख होईल.

हिरडा सध्या या रस्त्याच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर आहे. पेशी झाल्या, उंदीर झाले. माणसांवरची नीट चाचणी हा टप्पा कुणी करायचा? त्यात पैसा ओतायला औषधकंपनी फारशी उत्सुक नसते, कारण हजारो वर्षं माहीत असलेल्या फळाचं पेटंट सहज मिळत नाही. आणि लिप बाम विकणाऱ्याला चाचणीची गरजच वाटत नाही, कारण त्याचा माल रीलवर तसाही खपतो.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

लिप बाम हे कायद्यानं सौंदर्यप्रसाधन आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार सौंदर्यप्रसाधन हे स्वच्छतेसाठी किंवा छान दिसण्यासाठी असतं. 'हर्पिस बरा करतो' असा दावा केला की ते औषध ठरतं आणि औषधाचा परवाना लागतो. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना असेल तर गोष्ट वेगळी, पण ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधांसाठी परिणामकारकतेची नवी मानवी चाचणी मागितली जात नाही. त्यामुळे डबीवर परवाना क्रमांक आहे याचा अर्थ ओठावरच्या हर्पिसवर ते तपासलंय असा होत नाही.

जाहिरातींचं काय? आयुष औषधांच्या जाहिरातींना आधी मंजुरी घ्यावी, असा नियम १७० २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये आयुष मंत्रालयानं तो वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ प्रकरण बंद करताना ती स्थगितीही उठली. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरोधातला कायदा शिल्लक आहे. पण तो मोडल्यावर कारवाई करतो, आधी अडवत नाही. म्हणजे तुमच्या फीडवर काय येतंय ते गाळण्याचं काम सध्या बऱ्याच अंशी तुमच्यावरच आहे.

आणि समजा उद्या हिरड्याचं मलम खरोखर सिद्ध झालं. पैसा कुणाला मिळेल? भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी आणि इतर आदिवासी कुटुंबं कोवळी फळं काढून, वाळवून बाळहिरडा विकतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. सरकारी खरेदी सुरू राहावी ही मागणी तर जुनीच आहे. जैवविविधता कायद्यात लाभवाटपाची तरतूद होती. २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला त्यातून सूट दिली, आणि हिरडा तर चरकापासून ग्रंथांत आहे. 'आदिवासींचं पारंपरिक ज्ञान' असं डबीवर छापायला मात्र कुणाची हरकत नसते.

फोड आलाच तर?

चुरचुर सुरू होते तेच तास मोलाचे. विषाणूविरोधी औषधाचा जो काही फायदा होतो तो फोड भरण्याआधी किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू केलं तर. ज्यांना वर्षातून अनेकदा फोड येतात त्यांनी डॉक्टरांशी बोलून आधीच काय घ्यायचं ते ठरवून ठेवावं. असायक्लोविर देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. विमा योजनेत असलेल्या कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरमध्ये ईएसआय रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. चार दिवस साल वाटण्यात घालवून पाचव्या दिवशी तिथं गेलात तर औषधाची वेळ बहुधा गेलेली असते.

लिंबाचा रस आणि चुना तर नकोच. दोन्हींनी त्वचा भाजते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की डाग पडतात. त्याहून धोकादायक गोष्ट मात्र बहुतेकांच्या घरात आधीच असते: नायट्यासाठी मेडिकलमधून आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली क्रीम. ती लावली की लाली ओसरते, बरं वाटतं, पण स्टिरॉइडमुळे तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला मोकळं रान मिळतं.

फोडाला हात लावून तोच हात डोळ्याला लावू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. घरात पडलेले जुने ड्रॉप घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर हर्पिसमुळे बुबुळाला झालेली इजा वाढते आणि नजर कायमची जाऊ शकते. केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसांनी, इसब असलेल्यांनी, आणि दोन आठवड्यांत फोड बरा न झालेल्या कुणीही घरी प्रयोग करत बसू नये.

राहिलं तान्हं बाळ. हिरडा आपल्याकडे बाळगुटीतही असतो, त्यामुळे 'हिरडा विषाणू मारतो' हे ऐकून कुणाला वाटेल की गुटी घेणारं बाळ सुरक्षित आहे. तसं अजिबात नाही. पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत पोहोचू शकतो आणि ते जिवावर बेततं. ओठावर फोड असेल, अगदी खपली धरलेली असेल, तरी बारशाला जाऊन बाळाचा पापा घेऊ नका. फोड आईलाच असेल तर साबणानं हात धुऊन, तोंडाला मास्क लावून ती अंगावर पाजू शकते, मात्र स्तनावर फोड नसावेत. आणि बाळ नीट पीत नसेल, सुस्त पडत असेल, ताप किंवा अंगावर पुटकुळ्या दिसत असतील तर डॉक्टरांना आधी हे सांगा की घरात अमक्याच्या ओठावर फोड होता.